कुर्ल्याची पालिओ, कोइम्बतूरचा ट्रॅक

रेसिंग ट्रॅकवर चालवायला गाडी तयार करतोय असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती बीएचपी केलेस?" बीएचपी म्हणजे इंजिनची ताकद. शंभर, म्हणजे कंपनीने दिले होते तेवढेच, असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. टर्बो नाही, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) नाही, तो फाटफाट आवाज करणारा सायलेन्सर पण नाही, मग एवढे महिने गाडी मेस्त्रीकडे उभी होती ती कशासाठी? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

गाडी आहे फियाट पालिओ १.६ जीटीएक्स, २००३ची. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी, पालिओ आपल्याकडे २००१ मध्ये आली, जाहिरातीत सचिन होता, नंतर त्याच्या सहीची एस१० नावाची लिमिटेड एडिशन पण निघाली (माझी ती नाही, प्रत्येकजण विचारतो म्हणून आधीच सांगतोय) आणि बनायची आपल्या कुर्ल्याला, जिथे आधी प्रीमियर पद्मिनी बनायची त्याच कारखान्यात. १.२ वाली शहाण्यांनी घेतली, १.६ वाली वेड्यांनी. १५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, शंभरच्या आसपास बीएचपी, आणि तेव्हा आपल्याकडे हॅचबॅक म्हणजे झेन, सँट्रो, वॅगनआर, साठेक बीएचपीच्या गरीब गाड्या, त्यात हे प्रकरण आलं. आपल्याकडची पहिली खरी हॉट हॅच (छोटी पण दमदार इंजिनची गाडी) हीच असं माझं मत आहे, वाद घालायचा असेल तर घाला. रस्त्यावर फार दिसली नाही कधी, कारण गाडी घेताना आपला पहिला प्रश्न "ॲव्हरेज किती देते" आणि त्याचं उत्तर सेल्समन खाली बघून द्यायचा.

त्यामुळेच जुनी पालिओ स्वस्तात मिळते. खरा खर्च नंतर.

आता मुख्य अट सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरून ठरलंय. माझ्याकडे ट्रेलर नाही, ट्रेलर ओढणारी दुसरी गाडी नाही आणि ट्रेलर उभा करायला सोसायटीत जागा तर अजिबात नाही. तळेगावजवळ नाणोलीला आता ट्रॅक झालाय, पण माझ्या डोक्यात कॉलेजपासून एकच नाव होतं, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे. एस. करिवर्धन म्हणून एक अवलिया माणूस होऊन गेला, मारुतीचं इंजिन टाकून परवडणाऱ्या सिंगल सीटर रेसकार बनवायचा, तीच ती फॉर्म्युला मारुती, पुढे फॉर्म्युला वनमध्ये गेलेला नारायण कार्तिकेयन पण सुरुवातीला त्यात चालवायचा, आणि १९९५ मध्ये विमान अपघातात हा माणूस गेला. त्याच्या नावाने हा ट्रॅक आहे, २.१ किलोमीटर. पुण्यापासून बाराशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे गाडीने स्वतःच्या चाकांवर तिकडे जायचं, दिवसभर मार खायचा आणि चालत परत यायचं. हे एकदा ठरलं की नव्वद टक्के यूट्यूब व्हिडिओ आपोआप बाद होतात. दगडासारखी सस्पेन्शन नको, कान फाडणारा एक्झॉस्ट नको, इंजिनमधून शेवटचा थेंब पिळणं तर नकोच नको.

कागदपत्रांचं आधीच उरकतो, कंटाळवाणं आहे पण वाचा. गाडी पंधरा वर्षांच्या वर गेली की आरटीओत फिटनेस, पर्यावरण कर आणि दर पाच वर्षांनी परत तेच. वर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण स्पष्ट सांगितलंय की मूळ स्पेसिफिकेशनमध्ये परस्पर बदल चालणार नाही. म्हणून पत्रा कापणे, वेल्डिंगने केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा सांगाडा) ठोकणे, इंजिन बदलणे हे मी केलं नाही, जे केलंय ते बहुतेक सगळं पाना घेऊन परत मूळ जागी आणता येतं. आणि इन्शुरन्स. तुमची पॉलिसी काढा आणि 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' वाला परिच्छेद वाचा, ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग यांना कव्हर नाही असं लिहिलेलं असतं. ट्रॅक डे (ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायचा दिवस) म्हणजे रेस नाही वगैरे वकिली तिथे करायला जाऊ नका. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर ती तुमच्या खिशातून गेली असं धरूनच जायचं. मी म्हणूनच जुनी गाडी नेतो, रोजची नाही. हप्ते चालू असलेल्या नव्या गाडीने ट्रॅकवर जाणारे लोक बघितले की मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या घरच्यांचीच जास्त काळजी वाटते.

इंजिनपासून सुरुवात. आमचे मेस्त्री काका फियाटवर हयात घालवलेला माणूस, प्रीमियर ११८ एनईपासून पालिओपर्यंत. त्यांनी बॉनेट उघडलं, काही हात लावला नाही, नुसतं ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, इंजिन चांगलंय, पण इंजिनच्या भोवती जे जे रबर आहे ते सगळं मेलंय." याच्यापेक्षा चांगलं निदान मी आजपर्यंत ऐकलेलं नाही. वीस वर्षांच्या गाडीत लोखंड सहसा टिकतं, रबर टिकत नाही. होज, बुश, माउंटिंग, ऑइल सील, व्हॅक्यूमचे पाइप, ब्रेकचे पाइप, सगळं वरून काळंभोर आणि दाबलं की आतून तडा. कॉम्प्रेशन टेस्ट केली, चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आले, तिथेच ठरवलं की हेड उतरवायचं नाही. ज्याला गरज नाही त्याला हात लावू नये, गॅरेजमध्ये हा नियम फार कमी लोक पाळतात.

पण टायमिंग बेल्ट बदलला, न बघता बदलला. आधीच्या मालकाकडे बेल्ट कधी बदलला याचा कागद नव्हता आणि "तीन-चार वर्षांपूर्वी केला असेल" हे उत्तर सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनला पुरत नाही, बेल्ट सहा हजार आरपीएमला तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि मग कोइम्बतूरहून गाडी टेम्पोत येते. बेल्टबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंप पण. पंपाला बेल्टच फिरवतो, तिथपर्यंत पोचायला तेवढंच खोलावं लागतं, मग पंपाचे पैसे वाचवून काय मिळवायचं?

नंतर कूलिंग. ट्रॅकवर इंजिन गरम होतं ते ट्रॅफिकमध्ये होतं तसं नाही. ट्रॅफिकमध्ये हवा नसते पण उष्णता पण कमी तयार होते, ट्रॅकवर हवा भरपूर आणि उष्णता त्याच्याही वर. रेडिएटर काढून उलट्या बाजूने पाणी मारलं तर जे बाहेर आलं ते बघून मेस्त्री काका पण गप्प झाले, कुणीतरी आयुष्यभर बोअरचं पाणी भरलेलं होतं. आतून क्षार बसलेला असला की बाहेरून कितीही चकाचक केला तरी उपयोग नाही, कोअरच नवा घातला. थर्मोस्टॅट नवा. एक्स्पान्शन टाकीचं झाकण नवं, हो, झाकण, कारण दाब धरतं तेच आणि दाब गेला की पाणी लवकर उकळतं. थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी थंड राहते असं छातीठोक सांगणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा आणि थर्मोस्टॅट घाला. तो नसेल तर इंजिन नीट तापतच नाही, मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) राहतं आणि झीज वाढते.

पेट्रोलच्या पाइपांचं आजकाल नवं लफडं आहे. पंपावर आता ई२० येतं आणि २००३ मध्ये कुणी वीस टक्के इथेनॉलचा विचार करून रबर घातलेलं नव्हतं. टाकीपासून रेलपर्यंत (इंजेक्टरची रेल, आपली रेल्वे नव्हे) जिथे जिथे रबरी होज होता तिथे इथेनॉल चालणारा घातला, क्लॅम्प पण नवे. इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षं बसलेला मळ सोडवून पुढे ढकलतं, त्यामुळे फिल्टर एकदा बदलून थोडी गाडी चालवून परत बदलला. गरम इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे काय हे मला सविस्तर लिहायची गरज नसावी.

बाकी इंजिनात प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी साफ, अर्थिंगच्या वायरी काढून घासून परत लावल्या. या अर्थिंगवर लोक हसतात. जुन्या गाडीत निम्म्या विचित्र तक्रारी, मिसिंग मारते, आरपीएम वरखाली होतो, या तिथूनच निघतात. एवढं झाल्यावर गाडी जी काही उचलायला लागली ना, मित्र म्हणाला चिप टाकलीस का. चिप नाही रे, झिजलेलं भरून काढलं फक्त. माझं म्हणणं तेच आहे, लोक ऐंशीवर आलेल्या गाडीवर वीस बीएचपीचा पार्ट लावतात आणि शंभर झाले म्हणून पार्टी करतात, ते शंभर गाडीत होतेच.

ऑइल चांगलं सिंथेटिक आणि पातळी बरोबर वरच्या खुणेला. लांब वळणात ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं, पिकअप पाइप क्षणभर हवा ओढतो आणि बेअरिंगला तेवढा क्षण पुरतो. खुणेच्या वर पण भरायचं नाही, क्रँक त्यात फिरून फेस करतो. तसंच पेट्रोल, टाकी पाव भागाच्या खाली गेली की वळणात गाडी आचके देते, म्हणून निम्म्याच्या वर ठेवायची.

आता ब्रेक. पैसा सगळ्यात जास्त इथे टाकला असता तरी मला वाईट वाटलं नसतं, पण गंमत म्हणजे ब्रेकवर फार खर्च होतच नाही. आधी थोडं गणित, मला मजा येते म्हणून. मी धरून गाडी ११५० किलो समजा. १३० च्या स्पीडवरून ६० वर आणायची तर साधारण ५.९ लाख जूल उष्णता तयार होते. दोन लिटर पाणी ३० डिग्रीवरून उकळायला जेवढी लागते तेवढी, तीनेक सेकंदात, आणि ती जाते बहुतेक पुढच्या दोन डिस्कमध्ये. लॅपमध्ये असं चार-पाच ठिकाणी, मग पुढचा लॅप, मग पुढचा. घाटात गाडी चालवून "माझे ब्रेक मस्त आहेत" म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. घाटात पण ब्रेक गरम होतात पण तिथे असा एकामागून एक मार नसतो.

ब्रेक दोन प्रकारे जातात. एक, पॅड फेड होतो, म्हणजे पॅडचं मटेरियल त्याच्या तापमानाच्या बाहेर गेलं, पेडल घट्ट असतं पण गाडी थांबत नाही. दोन, ब्रेक ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे दाबले जातात आणि पेडल सरळ खाली जातं. दुसरा प्रकार जास्त भयानक आहे आणि त्याचाच इलाज सगळ्यात स्वस्त आहे, नवं ब्रेक ऑइल! हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि ओलावा आत शिरला की उकळबिंदू धाडकन खाली येतो. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट ३ नवं असताना २०५ डिग्रीला उकळतं, ओलावा धरल्यावर १४० ला. डॉट ४ नवं २३०, ओलं १५५. डॉट ५.१ नवं २६०, ओलं १८०. हे किमान आकडे आहेत, चांगल्या कंपनीचं डॉट ४ याच्या बरंच वर जातं. आपल्या कोकणात आणि पुण्याच्या पावसात चार-पाच वर्षं न बदललेलं ऑइल कुठल्या आकड्यावर असेल याचा अंदाज करा. आणि ५.१ आणि ५ यात गोंधळ करू नका, डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या सिस्टिममध्ये घालायचं नाही, मिसळायचं तर नाहीच. दुकानदार "एकच आहे साहेब" म्हणेल. नाहीये एक.

मी चांगलं डॉट ४ घातलं, सगळी हवा काढली, मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी. पुढचे रबरी ब्रेक पाइप काढून स्टीलची जाळी असलेले टाकले, जुने पाइप ब्रेक दाबला की हाताला फुगताना जाणवायचे. पुढे व्हेंटिलेटेड डिस्क आहेतच, त्या जाडी मोजून नव्या घातल्या, लेथवर फेस मारून पातळ केलेली डिस्क ट्रॅकवर नेऊ नये, उष्णता साठवायला लोखंडच कमी राहतं. पॅड जास्त तापमानाचे. मागे ड्रम आहेत. ड्रम बघून लोक नाक मुरडतात आणि डिस्क कन्व्हर्जनच्या गोष्टी करतात, मला पटत नाही, जोरात ब्रेक दाबल्यावर अशा गाडीचं मागचं चाक जवळपास हलकं झालेलं असतं, तिथे डिस्क लावून काय करणार? ड्रम उघडले, लायनर नवे, व्हील सिलिंडरचे सील नवे, ॲडजस्टर साफ केले जे पूर्ण जाम होते, आणि पेडल एकदम वर आलं. पॅड बसवल्यावर पहाटे रिकाम्या रस्त्यावर ८० वरून २० वर असं बऱ्याचदा आणलं, पूर्ण न थांबता, मग ब्रेक न वापरता थंड होऊ दिले. हे बेडिंग केलं नाही तर महागाचे पॅड पण साबणासारखे घसरतात.

चाकांची गोष्ट वेगळी लिहायला हवी कारण जुन्या फियाटवाल्यांचं ते कायमचं दुखणं आहे. पालिओचा पीसीडी (चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास) ४×९८, म्हणजे चार बोल्ट, ९८ मिलिमीटर. बाजारात सगळीकडे ४×१००. दोनच मिलिमीटरचा फरक, आणि शंभरवाली चाकं अठ्ठ्याण्णववर "बसतात" सुद्धा, बोल्ट थोडे तिरके जातात, गॅरेजवाला पान्यावर उभा राहून घट्ट करतो आणि काम झालं. नाही झालं काम. तिरका बोल्ट त्याच्या सीटवर पूर्ण टेकत नाही, ट्रॅकवर बाजूचा जोर आणि उष्णता लागली की सैल होतो. एकतर ९८ चीच चाकं शोधा किंवा ज्यांची सीट सरकते ते वॉबल बोल्ट चांगल्या कंपनीचे घ्या आणि हबचं मधलं भोक ५८.१ आहे त्याला बरोबर बसणारी रिंग घाला. मी शोधली. पुण्यात नाना पेठेत प्रत्येकाने मान हलवली, शेवटी मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एका दुकानाच्या पोटमाळ्यावर चार चाकं मिळाली, धुळीत माखलेली. गाडी जिथे जन्मली तिथून फार लांब नाही ते. दुकानदाराने भाव सांगितला, मी निम्मा सांगितला, त्याने चाकं परत वर चढवायला सुरुवात केली, मग मी गप्प पैसे दिले. अशा वेळी चेहऱ्यावर आनंद दिसू द्यायचा नसतो, मला जमत नाही.

टायर १८५/६० आर१४, चांगले रोड टायर, सेमी स्लिक (जवळपास खाचा नसलेले ट्रॅकचे टायर) नाही. सेमी स्लिक घालून बाराशे किलोमीटर जाणं आणि वाटेत हुबळीला पाऊस लागणं हा विचारच नको. आणि रोड टायरचा एक फायदा आहे, ते सुटायच्या आधी ओरडतात, वेळ देतात. नवीन घेताना बाजूवर छापलेला चार आकडी कोड बघा, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. जुन्या मालकाच्या टायरवर खाचा भरपूर होत्या, वय इतकं होतं की रबर नखाने दाबलं तर दबत नव्हतं. तशा टायरला ट्रेड असून नसून सारखंच.

सस्पेन्शनमध्ये लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, वरची स्ट्रट माउंटिंग, चारही शॉकअप, सगळं नवं. पुढे मॅकफर्सन आहे, मागे टॉर्शन बीम, साधी सरळ रचना आहे, मेस्त्री काकांनी एका दिवसात घोडीवर घेऊन खोलली. बुश रबराचेच ठेवले, पॉलियुरेथेनचे नाही, ते ट्रॅकवर छान वाटतात पण एनएच ४८ वरचे डायव्हर्जन मणक्यात मोजायला लागतात. स्प्रिंग थोड्याच कडक, उंची जवळपास तीच. एकच खरा बदल केला तो म्हणजे पुढे कॅम्बर, चाकाचा उभा झुकाव. कंपनीने इथे कॅम्बर ॲडजस्ट करायची सोय दिलेली नाही, फक्त टो (चाक पुढून किती आत-बाहेर वळलंय ते). स्ट्रट जिथे नकलला (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडतो तिथे एक एक्सेंट्रिक बोल्ट टाकला की चाक वरून थोडं आत झुकवता येतं, दीड डिग्री निगेटिव्ह केलं. वळणात गाडी बाहेर कलली तरी टायरचा पूर्ण पट्टा जमिनीवर राहतो, नाहीतर नुसता बाहेरचा कोपरा घासून संपतो. अलाइनमेंटवाला पोरगा बिचारा हैराण. "दादा, स्क्रीन हिरवी येतच नाहीये." म्हटलं लालच ठेव. त्याने मालकाला बोलावलं. मालकाने माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि बिलावर हाताने लिहिलं 'ग्राहकाच्या सांगण्यावरून'. बरोबर आहे त्यांचं.

वजन कमी करणं हा फुकटातला अपग्रेड. मागची सीट काढली, डिकीतलं सगळं काढलं. स्टेपनी मात्र हायवेला लागते, ती ट्रॅकवर गेल्यावर काढून बाजूला ठेवायची. सीट सध्या आमच्या गॅलरीत आहे, आई त्यावर बसून भाजी निवडते आणि आता ती परत द्यायला तयार नाही. चार पॉइंट हार्नेस मी लावला नाही, मुद्दाम. साध्या सीटवर आणि केज नसताना खांद्यावरून आवळलेला हार्नेस उलटा धोकादायक, गाडी उलटली तर शरीर बाजूला झुकू शकत नाही आणि खाली येतं ते छप्पर. कंपनीचा तीन पॉइंट बेल्ट, हेल्मेट, अंगभर सुती कपडे, पातळ तळव्याचे बूट, बास.

पुण्याहून पहाटे निघालो, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सेलमवरून कोइम्बतूर. गाडीने टेम्परेचरची सुई कुठेच हलवली नाही, त्यामुळे प्रवासाबद्दल लिहायला काही नाही आणि हीच सगळ्यात चांगली बातमी. डिकीत जुने पण चालणारे पॅड, ऑइल, ब्रेक ऑइलची बंद बाटली, बेल्ट, होज क्लॅम्प, वायर, टॉर्क रेंच आणि हवेचा पंप.

ट्रॅकवर सकाळी तपासणी होते, बॅटरी हलते का, कुठे गळतंय का, आत काही सुटं पडलंय का, हेल्मेट कसलं आहे. मग ब्रीफिंग, झेंडे कुठले, ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर आणि पुढच्याने हात दाखवल्यावर. पहिलं सेशन सावकाश. आरशात सारखं बघत होतो, मागून एक एक टर्बोवाली गाडी यायची, मी हात दाखवायचो, ती जायची. सरळ पट्ट्यावर शंभर बीएचपी म्हणजे आज काहीच नाही, ते मान्यच करून जायचं. पण वळणात ही गाडी अशी काही चिकटून जाते! स्टीअरिंग हायड्रॉलिक आहे, पुढचं चाक काय करतंय ते तळहाताला कळतं, टायर सुटायला लागला की आधी स्टीअरिंग हलकं होतं, मग आवाज येतो, मग नाक बाहेर जायला लागतं. तिथे ॲक्सिलरेटर थोडा सोडला की नाक परत आत. एकदम सोडला तर शेपूट फिरते, ते पण दाखवलं तिने, सुदैवाने जिथे मोकळी जागा होती तिथे.

दुपारी खरी मजा आली. ऊन चढलं, कोइम्बतूरचं ऊन, आणि सकाळी माझ्या पुढे निघून गेलेल्यांपैकी एक दोन जण पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे) बॉनेट उघडून उभे, एकाच्या पुढच्या चाकातून तो जळका वास आणि निळसर धूर. माझं पेडल सकाळी होतं तिथेच होतं. चौथा पाचवा लॅप झाला की मी एक लॅप सावकाश मारायचो, ब्रेकला हवा द्यायला, शेवटचा लॅप तर जवळपास ब्रेकशिवाय. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गरम ड्रमला लायनर चिकटून बसतात, गाडी गियरमध्ये ठेवून चाकाखाली वीट. लगेच इंजिन बंद पण करायचं नाही, पंखा चालू राहू द्यायचा. मग चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासायचे आणि टायरची हवा मोजायची. थंड असताना ३२ ठेवली होती, पहिल्या सेशननंतर गरम टायरमध्ये ३८ च्या वर गेलेली, थोडी काढली. टायरच्या खांद्यावर खडूने रेघ मारून जायचं, परत आल्यावर रेघ कुठपर्यंत पुसली गेली त्यावरून कळतं टायर किती लोळतोय. खडू घरून न्या, तिथे मिळत नाही.

आणखी एक, जुन्या फियाटवाल्यांना माहीत असेल, गाडीला जोराचा धक्का बसला की पेट्रोल पंप बंद करणारा एक इनर्शिया स्विच असतो. कर्बवरून (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) जोरात गेलं आणि गाडी एकदम मेली तर घाबरून टो मागवायच्या आधी कुठे पेट्रोल गळत नाही ना बघा आणि तो स्विच दाबून बघा.

परत आल्यावर मेस्त्री काकांनी गाडी वर घेतली. पुढचे पॅड निम्म्याच्या खाली, टायरच्या बाहेरच्या कडा बऱ्यापैकी शाबूत म्हणजे कॅम्बरचं काम झालं, ऑइल थोडं प्यायलेलं, ब्रेक ऑइल परत बदललं कारण एकदा एवढं तापल्यावर त्यावर भरवसा नको. उजवीकडचं इंजिन माउंटिंग, जे एकच बदलायचं राहिलं होतं, ते फाटलं. आणि डावीकडच्या ड्राइव्हशाफ्टचं बूट चिरून ग्रीस आतून सगळीकडे उडालेलं. बूट मिळेल, पण जॉइंटमध्ये पूर्ण स्टीअरिंग फिरवल्यावर कटकट आवाज येतोय म्हणजे शाफ्टच बघायला हवा. नाना पेठेत १.२ चा दाखवतात, तो बसत नाही. सांगलीकडे एक १.६ बरीच वर्षं चिंचेच्या झाडाखाली उभी आहे असं कळलंय, मालक विकायला तयार नाही पण पार्ट देईल म्हणतात, या रविवारी जाऊन येतो. त्याच्याआधी कुणाच्या माहितीत १.६ चा चांगला डावा शाफ्ट असेल तर कळवा, आणि कृपा करून "१.२ चाच थोडा लेथवर मारून बसवा" असं सांगू नका, ते दोन दुकानदारांनी आधीच सांगून झालंय.